तिसरी हळद

आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि निपाणीच्या एका मंगल कार्यालयात ती गात होती.

मी उप्पिटाची बशी घेऊन उभी होते. आमच्या ऑफिसातले कारकून भावकू, त्यांच्या मुलीची हळद. बायकांची गर्दी, कुणाच्या तरी पोराची रडारड, आणि वरच्या स्पीकरमधून थोडा खरखरता, पण अगदी तोच आवाज...

पहिली हळद कुणाला, कुलदेवाच्या पायाला
दुसरी हळद कुणाला, मंगल माझ्या बाईला

तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आवाज हळूच विरला आणि सनई लागली.

मंगल म्हणजे माझी थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी अनगोळला आमच्या दारात तिला हळद लागली तेव्हा आईनं हेच म्हटलं होतं. भावकूंच्या मुलीचं नावही मंगल, ते ठीक. पण म्हणून माझी आई परक्या मांडवात येऊन गाईल?

बशी शेजारच्या बाईंच्या हातात देऊन मी तडक साऊंडवाल्याच्या टेबलाशी गेले. लॅपटॉपमागं एक तरुण बाह्या दुमडून कोपराभोवती वायर गुंडाळत होता.

"हे गाणं कुठून आणलं?" मी इतक्या जोरात विचारलं की दोन करवल्या वळून बघायला लागल्या.

"कुठलं? सनई व्हय?"

"आत्ता बंद केलंत ते."

"आवडलं? सगळ्यांनाच आवडतंय बघा ते."

"आवडण्याचा प्रश्न नाही. ती माझी आई आहे."

त्याचा हात थांबला. "तुम्ही... अनगोळच्या?"

"अॅडव्होकेट तेजस्वी. बेळगाव कोर्ट."

गुंडाळलेली सगळी वायर त्याच्या हातातून खाली पडली. "तेजस्वी," तो हळूच म्हणाला — एखादं नाव फार दिवस तोंडात धरून ठेवलं असावं तसा. मग कानापर्यंत लाल झाला आणि लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला.

आता, मी स्वभावानंच शंकेखोर. त्यात वकील. दूधवाला 'नमस्कार' म्हणाला तर मी आधी दुधात पाणी किती ते बघते. नाव ऐकून लाल होणारा साक्षीदार काहीतरी लपवत असतो, एवढं मला दोन वर्षांच्या वकिलीत कळलं होतं.

"कुणी दिलं गाणं?"

"ज्यांनी दिलं त्यांना शब्द दिलाय. सांगता येणार न्हाय."

"मग पोलिसांना सांगा."

"चालंल की," म्हणत त्यानं खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "पत्ता असू दे त्यांच्यासाठी."

'नागेंद्र साऊंड, निपाणी. जुन्या कॅसेटी जपून उतरवून मिळतील.' माझ्या मनात पाल चुकचुकली.

आईला एकच गाणं यायचं. म्हणजे येत बरीच असतील, पण आमच्या गल्लीत तिला हळदीच्या एकाच गाण्याला बोलवायचे. दरवेळी दुसऱ्या ओळीत त्या घरच्या नवरीचं नाव, तिसऱ्या ओळीत नवऱ्याचं. आप्पा तेव्हा बसवर कंडक्टर. ड्यूटी सांभाळून ते टेपरेकॉर्डर बगलेत मारून तिच्या मागं मागं जायचे. लोक हसायचे. मारुतीराव बायकोची तिकिटं फाडतात, असं म्हणायचे. अशा अकरा कॅसेटी जमल्या. आई गेल्यावर मी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. वाजवल्या तर तुटतील म्हणून वाजवायच्या नाहीत. दर महिन्याला मात्र मी मोजायची.

त्या संध्याकाळीही मोजल्या. अकरा भरल्या. पण मंगलच्या कॅसेटची पट्टी मी ठेवली होती डाव्या चाकावर, ती आता उजव्या चाकावर होती. म्हणजे कुणीतरी वाजवली होती! खात्री करायला म्हणून मी ती आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. दोन फेरे झाले नाहीत तोच त्यानं पट्टी चावून टाकली. सोडवताना बोटांना तपकिरी भुकटी लागली.

"काय झालं गं तेजू?" आप्पा दारात उभे होते. एका कानात त्यांची ती नेहमीची वायर. निवृत्त झाल्यापासून त्यांना दिवसभर बातम्या लागायच्या.

"काही नाही आप्पा."

"मग बरं," म्हणाले आणि जरा घाईनंच गेले.

रविवारी मी निपाणीची बस पकडली. तंबाखूच्या वखारीशेजारी त्याचं दुकान. आत तीन टेपरेकॉर्डर, दोन लॅपटॉप आणि सगळीकडं वायरींचं जंगल. मला बघून तो उठून उभा राहिला आणि त्याचं डोकं वरच्या फळीला लागलं.

"पोलीस?" डोकं चोळत त्यानं विचारलं.

"आधी प्राथमिक चौकशी. किती गाणी आहेत माझ्या आईची?"

"अडतीस." मग जरा थांबून, "...व्हय. अडतीसच."

थांबला का? मी मनात टिपून ठेवलं.

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. गाण्यांची यादी ठेवायचा कसलासा प्रोग्राम होता. सगळ्या गाण्यांचं नाव एकच, 'हळदीचं गाणं', गायिका यशोदाबाई. पण पुढच्या रकान्यात त्यानं बारीक बारीक लिहिलं होतं. 'नवरी मंगल, नवरा महादेव. अनगोळ. मध्ये कुकरची शिट्टी. शेवटी गायिका हसते.'

'गायिका हसते' हे मी दोनदा वाचलं. मग लगेच घसा खाकरला.

"एवढा खटाटोप कशाला? मी फोनवर ऐकते. महिन्याची वर्गणी भरली की जगातली सगळी गाणी खिशात."

"खिशात न्हवं, खिडकीत," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरातलं गाणं तुम्ही खिडकीतनं ऐकताय. त्यांनी पडदा ओढला की संपलं. माझी चारशे गाण्यांची यादी होती एका ठिकाणी. एक दिवस निम्मी गायब. विचारायचं कुणाला?"

"आणि तुमचं हे डबडं बिघडलं की?"

"तर शिव्या मला. म्हणून दोन जागी ठेवतो. लई काम असतंय, कबूल. नावं लिहा, साफ करा, जपा. पण त्याच्यावर मला पायजे ते लिहिता येतंय. तुमच्या फोनमध्ये कुकरची शिट्टी कुठं लिहिणार?"

"माझा फोन मला आवडेल ते स्वतःहून शोधून देतो."

"व्हय की. दिवसभर तुमच्यावर पाळत ठेवून. वकील असून चालतंय तुम्हाला?"

हे मात्र झोंबलं. "मी त्यांच्या अटी वाचल्यात. सगळी बेचाळीस पानं."

"आणि तरी सही केली?"

"सही नाही, नुसती टिचकी मारली," मी म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. तोही हसला. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्याआधी मिटतो. हे टिपून ठेवायचं काही कारण नव्हतं.

"वकीलबाई, चहा?"

"लाच समजली जाईल."

"मग बिनसाखरेचा देतो."

निघताना मी बजावलं, "चौकशी संपलेली नाही. पुढची तारीख पुढच्या रविवारी."

अशा तीन तारखा पडल्या. दरवेळी मी नवे प्रश्न काढून न्यायची, दरवेळी तो सगळ्याची उत्तरं द्यायचा आणि एक नेमकं टाळायचा — गाणी कुणी दिली? दुसऱ्या तारखेला मी नवा निळा कुर्ता घातला, तो केवळ समोरच्याचं लक्ष विचलित होतं का ते बघायला. झालं. चहा उतू गेला. तिसऱ्या तारखेला परतताना पावसाची झड लागली तेव्हा तो छत्री घेऊन बसस्टँडपर्यंत आला. छत्री सगळी माझ्यावर धरून स्वतः अर्धा भिजत चालला होता. इतका चांगला वागतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मी बसमध्ये बसल्यावर ठरवलं आणि संकेश्वरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत हसत राहिले.

मग तो मंगळवार आला. कोर्टाच्या व्हरांड्यात, केस पुकारायला वेळ होता म्हणून, मी फोनवर 'हळद बेळगाव' असं टाकून बघितलं. तिसरंच गाणं — 'बेळगावी हळद, धमाका मिक्स'. गायकाच्या जागी 'पारंपरिक'. मी कानात वायर घातली. खाली ढोलकीचे धाड धाड ठोके, आणि वर माझी आई. मंगल माझ्या बाईला...

पुढचं ऐकवलं नाही. आईला नावसुद्धा नाही! अकरा हजार लोकांनी ऐकलं होतं, आणि ती नुसती 'पारंपरिक'. ही गाणी जगात एकाच माणसाकडं होती. त्यानं मला तीन रविवार चहा पाजला होता.

संध्याकाळी त्या गाण्यांच्या कंपनीकडं मी रीतसर तक्रार नोंदवली. रविवारी निपाणीला गेले, ती बाँडवर प्रतिज्ञापत्र टाईप करून आणि नोटरीला बरोबर घेऊन. 'मजजवळ असलेली अडतीस गाणी मी अर्जदारास परत केली असून माझेजवळ कोणतीही प्रत ठेवलेली नाही.'

नागेंद्रनं ते उभ्या उभ्या वाचलं. "मी केलं न्हाय हे."

"पुरावा?"

"मी काय बी सांगितलं तर पटणार हाय का तुम्हाला?"

मी पेन पुढं केलं. त्यानं सही केली. माझ्यादेखत दोन्ही लॅपटॉपवरची गाणी पुसली आणि एक लहानसा ड्राइव्ह माझ्या हातात दिला. "माझ्याकडचं एवढंच शिल्लक हाय आता. कॅसेटींना बुरशी आलती, पट्टीवरचा थर सुटत होता. एकदा वाजल्या, परत वाजणार न्हाईत. हे जपा."

"मला जपायला शिकवू नका," मी म्हणाले.

टेबलावर बिनसाखरेचा चहा तसाच राहिला. बसमध्ये मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

पाच दिवसांनी, शुक्रवारी, ऑफिसात बसून मी माझ्या लॅपटॉपवर गाण्यांचा तसलाच एक प्रोग्राम उतरवून घेतला. त्याचं काय अडतं माझ्यावाचून, तर माझं तरी त्याच्यावाचून काय अडतंय! ड्राइव्ह जोडला. प्रोग्रामनं जरा विचार केला आणि विचारलं — एकाच गाण्याच्या अडतीस प्रती सापडल्या. जादा प्रती काढून टाकू?

बघा! प्रती! म्हणजे गाणी अडतीस नव्हतीच, यानं नकला काढून संख्या फुगवली होती. आणि वकिलाच्या ऑफिसात जादा प्रतीचं काय करतात, ते मला कुणी सांगायला नको. खरी एक ठेवायची, बाकीच्या फाडायच्या. मी 'होय' दाबलं. कायमच्या? होय. वर, ड्राइव्ह मोकळा दिसला म्हणून माझ्याजवळची सिनेमाची दोनशे गाणी त्यात भरून टाकली.

मग आईचं गाणं लावलं.

दुसरी हळद कुणाला, बेबी माझ्या बाईला...

बेबी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची बेबीआक्का. तिला आता तीन नातवंडं आहेत. मी पुढचं गाणं लावायला गेले. पुढचं गाणं नव्हतं. मंगल नव्हती. कुकरची शिट्टी नव्हती. हसणारी आई नव्हती.

मग हळूहळू डोक्यात उजाडलं. गाणं एकच, म्हणून त्यानं नाव एकच दिलेलं. गायिका एकच. नवरीचं नाव शेजारच्या रकान्यात, आणि तिथं त्या यंत्रानं ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्याला काय ठाऊक, की आमच्याकडं गाणं तेच असतं आणि दरवेळी घर वेगळं असतं? पण मला ठाऊक होतं. सदतीस घरांची हळद मी माझ्या हातानं पुसली होती.

मग आठवलं, ते चोरलेलं गाणं आहे की! फोन काढला आणि ते ढोलकीवालं गाणं या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. आईच्या दोन ओळी झाल्या, सनई लागली, भांड्यांचा आवाज, आणि मागून एक चिरकी बाई ओरडली, "हे गाणं कुठून आणलं?"

ती मी होते.

म्हणजे त्या मांडवातल्याच कुणा पाहुण्यानं फोनवर टिपून, खाली ढोलकी लावून, ते चढवलं होतं. नागेंद्रचा काही संबंध नव्हता. वकील असून मी पुरावा अर्धाच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत लावायला गेले तर अक्षरं करडी पडली होती. 'हे गाणं आता उपलब्ध नाही.' माझी तक्रार मान्य झाली होती. त्या महिन्यात मी जिंकलेलं ते एकमेव प्रकरण.

निपाणीच्या बसमध्ये मी डोळे मिटून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडं मागितलं, की हा माणूस खोटारडा निघू दे. सही करून त्यानं फसवलेलं असू दे. एखादी प्रत लपवलेली असू दे, मी त्याचे पाय धरीन.

तो दुकानात एकटाच होता. मला बघून उठला, पण या वेळी हसला नाही.

"एक विचारते, खरं सांगा. तुम्ही एक प्रत ठेवून घेतलीय ना?"

"न्हाय."

"नीट आठवा. चुकून कुठंतरी..."

"वकीलबाई, सही केलीया मी."

"माणसं सह्या करून खोटं बोलतात! मी रोज बघते!"

"मी न्हाय बोललो," तो म्हणाला.

मी तिथंच, वायरींच्या ढिगाऱ्यावर बसून रडले. रडत रडत सगळं सांगितलं — बेबीआक्का, सिनेमाची दोनशे गाणी, चिरकी बाई. 'माझं चुकलं' हे शब्द मी कोर्टाबाहेर फार कमी वेळा उच्चारलेत, ते तीनदा उच्चारले. त्यानं ड्राइव्ह घेतला, लॅपटॉपला लावला आणि दोन तास खटपट करत राहिला. जुन्या गाण्यांच्या जागेवर नवी जाऊन बसली होती. हाती लागली ती कुकरची अर्धी शिट्टी.

मग टेबलावर बोटं वाजवत तो म्हणाला, "तुमचे आप्पा... बातम्या कवा ऐकतात?"

"दिवसभर. का?"

"आणि बातम्या ऐकताना डोळं पुसतात?"

पुसतात. मी समजायची, मोतीबिंदू.

"गाणी कुणी दिली ते सांगायचं न्हाय, असा शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "प्रश्न विचारायचा न्हाय, असा न्हवता दिला."

किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स दाराच्या खिळ्याला, आणि घरात तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस! काखेत कळसा आणि मी निपाणीला वळसा घालत होते.

"आत्ता कुठं असतील ते?" त्यानं विचारलं.

"आमच्या काकतीच्या शेतावर."

"बसा मागं," त्यानं गाडीची किल्ली उचलली. हायवेला लागलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. संकेश्वरपर्यंत मी मागची कडी धरून बसले होते. संकेश्वरच्या पुढं पाऊस आला आणि कडी निसरडी झाली — निदान मी स्वतःला तसं सांगितलं — आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी एकदम हळू झाली.

काकतीच्या शेतात, फणसाखालच्या खोपीत आप्पा बसले होते. समोर तळहाताएवढा स्पीकर. आई गात होती. मंगल माझ्या बाईला... आणि पुढं महादेव, आणि पुढं कुकरची शिट्टी, आणि ती हसली.

आमची चाहूल लागताच आप्पांनी स्पीकरवर टॉवेल टाकला. मग आमचे चेहरे बघून स्वतःच काढला.

"गावलो म्हणायचं," ते म्हणाले.

"आप्पा, मला का नाही सांगितलं?"

"तू कुलूप लावलंस, तेजू. तुझं बी बरोबर असंल. पर मला ती ऐकायची होती गं. कपाटाबाहेर उभं राहून किती दिवस बघायचं? एक एक कॅसेट पिशवीत घालून नेली. आणि लग्नात वाजव म्हणून ह्याला मीच सांगितलं. ती लग्नातच गायची की."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई कपाटात सुरक्षित आहे म्हणून मी चार वर्षं डबे मोजत होते, आणि आत तिला बुरशी लागत होती. आप्पांचे हात ओले होते, का माझे केस, कोण जाणे.

"ह्या स्पीकरातल्या कार्डात सगळी हायती," आप्पा म्हणाले. "एकोणचाळीस."

मी ताडकन डोकं उचललं. "एकोणचाळीस? प्रतिज्ञापत्रात अडतीस आहे!"

नागेंद्र फणसाच्या खोडाकडं बघायला लागला. "माझ्याकडं अडतीसच होती. कॅसेट रिकामी वाटली तरी मी शेवटपर्यंत पळू देतो. अकरावीच्या शेवटाला, लई मोकळी पट्टी गेल्यावर, अजून एक होतं. ऐकल्या दिवशीच आप्पांनी माझ्याकडनं काढून घेतलं."

"का?"

"तुझं लग्न ठरल्याबिगर तुला द्यायचं न्हाय, असं तुझी आई सांगून गेलीया," आप्पा म्हणाले. त्यांनी एकदा मला बघितलं, एकदा त्याला, एकदा बांधावर उभ्या केलेल्या गाडीला. "पर आता मला शंका यायला लागलीया."

आणि त्यांनी बटण दाबलं.

खट्ट. टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबल्याचा आवाज. खोकला. आजारपणातला, शेवटच्या महिन्यांतला. "चालू झालं वाटतं... तेजू, तुझ्या हळदीला मी असंन, नसंन. जावयाचं नाव काय असंल, देवाला ठाऊक. मी आपली तेवढी जागा मोकळी सोडते. तू भर."

पहिली हळद कुणाला, कुलदेवाच्या पायाला
दुसरी हळद कुणाला, तेजस्वी माझ्या बाईला
तिसरी हळद कुणाला...

आणि मग काहीच नाही. आई नुसती बोटांनी ताल धरून होती. एक, दोन, तीन, चार.

...माझ्या जावयाला.

मग आप्पा उठले. "मोटार बंद करून येतो."

"आप्पा, पाऊस पडतोय. मोटार कशाला चालू असेल?"

"मग चालू करून येतो," म्हणत ते डोक्यावर पोतं घेऊन निघूनही गेले.

नागेंद्र अजून खोडाकडंच बघत होता.

"म्हणजे मांडवात माझं नाव सांगितलं तेव्हा..."

"तुमचं नाव मला आधीच ठाऊक होतं. ह्याच गाण्यातनं." तो थांबला. "आप्पांनी काढून घेतलं, पण डोक्यातनं कसं काढणार? रोज काम करताना आपसूक तोंडात यायचं. ती जागा आली की..."

"की काय?"

"गप बसायचो. नाव कुणाचं भरायचं ते मी ठरवणारा कोण? आणि मग तुम्ही आलासा. नोटरी घेऊन."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. या माणसावर मी इतके रविवार शंका घेतली होती, आणि एवढ्या दिवसांत त्यानं लपवलं होतं ते एवढंच. तो मला आवडत होता. बिनसाखरेच्या पहिल्या चहापासून आवडत होता, आणि कुर्ता साक्षीदारासाठी नव्हता.

"चार ठोके आहेत," मी म्हणाले. "तुमचं नाव बसेल का त्यात?"

त्याचा आधी उजवा डोळा मिटला, मग डावा.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव उगाच घेत नाही. मी स्पीकर जवळ ओढला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आई खोकली. कुलदेवाला हळद लागली. मला लागली. तिची बोटं ताल धरू लागली, तशी मी त्याच्याकडं बघितलं.

"नागेंद्र," मी म्हणाले.

"माझ्या जावयाला," आई म्हणाली.